फी माफ, मग खर्च कशाचा?

रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या आजी, मावश्या, ताया आणि लेकींनो, आम्ही बाराजणींचा बचत गट बोलतोय. भाकरी टाकत असाल तर टाका, तूर निवडत असाल तर निवडा. फक्त घरात अकरावी-बारावीला असलेलं लेकरू असेल तर त्याला हाक मारून जवळ बसवा, आणि हाताशी वही-पेन ठेवायला सांगा. आज बोलायचंय ते घरची कमाई आणि लेकराचं कॉलेज याबद्दल. मधे दोन-चार गोष्टी लिहून घ्याव्या लागतील.

आपल्या देशात अठरा ते तेवीस वयाची शंभर मुलं घेतली, तर त्यातली साधारण अठ्ठावीसच कॉलेजात असतात. २०२१-२२ सालच्या सरकारी पाहणीतला हा आकडा आहे. मुली यात मागं नाहीत, मुलींचं प्रमाण मुलांच्या बरोबरीनं आहे, किंचित जास्तच. म्हणजे शिकायची हौस लेकींना आहे आणि त्या पुढंही येतात. पण उरलेली बहात्तर कुठं गेली? काही दहावी-बारावीआधीच गळाली. काहींना खरंच पुढं शिकायचं नव्हतं. आणि कितीतरी अशी आहेत, जी मार्कांनी पास झाली आणि पैशानं नापास झाली. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल आहे.

आता तुम्ही म्हणाल, मुलींची फी तर सरकारनं माफ केली, मग अडचण कशाची? बरोबर. त्याच प्रश्नापासून सुरुवात करू.

आपल्या राज्यात बारावीपर्यंत मुलींना फी नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. २०२४ च्या जुलैत शासनानं आणखी एक निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग, यांतल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, कृषी, असे हे अभ्यासक्रम. याआधी निम्मी फी माफ होती. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त यांच्यासाठी वेगळ्या योजना पहिल्यापासून आहेत. निर्णय चांगला आहे, त्यात वाद नाही. एकेका कोर्सची फी वर्षाला लाखाच्या घरात जाते. ती माफ होणं म्हणजे मोठं ओझं उतरणं.

पण त्या निर्णयात दोन अटी आहेत. त्या नीट कळल्या नाहीत तर फसगत होते. वहीत लिहून घ्या.

पहिली अट. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला पाहिजे. पोरं त्याला ‘कॅप राउंड’ म्हणतात. व्यवस्थापन कोट्यातून किंवा कॉलेजच्या पातळीवर थेट प्रवेश घेतला, तर माफी नाही. बारावीचा निकाल लागला की गावोगाव एजंट फिरतात. “कशाला राउंडची वाट बघता, मी सीट देतो, फी तर माफच आहे,” असं गोड बोलतात. त्या वाटेनं गेलं की फी माफ होत नाही, हे कळेपर्यंत पैसे भरून झालेले असतात.

दुसरी अट. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या माफीत येत नाहीत. मोठी कमान, मोठी बाग, बसवर मोठं नाव, ते बघून भुलू नका. नाव टाकायच्या आधी एवढंच विचारा, “कॅपमधून आलं तर मुलीची शिक्षण फी आणि परीक्षा फी इथं माफ होते का?” उत्तर लेखी मागा. आणि माफी असूनही कुणी “आधी भरा, मग परत मिळेल” म्हणालं, तर तेही लेखी मागा. लेखी मागितलं की बोलणं बदलतं, हा आमचा अनुभव आहे. नाहीच ऐकलं तर त्या-त्या विभागाच्या सहसंचालकांच्या कार्यालयात अर्ज करता येतो.

हे झालं फीचं. आता खर्चाचा हिशोब मांडू. माफ झाली ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. लेकीला जेवायला लागतं, झोपायला खोली लागते, गावाकडं यायला गाडी लागते. ते माफ नाही.

आमच्या मराठवाड्यातलं एक घर धरू. दोन एकर कोरडवाहू. नवरा-बायको दोघंही मजुरीला जातात. सगळं मिळून वर्षाचे दीड लाख येतात. लेकीला जिल्ह्याच्या गावी प्रवेश मिळाला. महिन्याची मेस ३,००० रुपये धरू. दहा महिन्यांचे झाले ३०,०००. खोलीत तिच्या वाट्याचं भाडं महिना १,५०० धरलं तर १५,००० झाले. पुस्तकं, गणवेश, प्रॅक्टिकलचं सामान ७,०००. जाणं-येणं ४,०००. फोनचा रिचार्ज, फॉर्म, झेरॉक्स मिळून ४,०००. बेरीज करा. ६०,००० रुपये. हे आम्ही धरलेले आकडे आहेत. तुमच्याकडं थोडे कमी-जास्त असतील, तुम्ही तुमचे घाला.

आता बघा. दीड लाखाच्या घरातून ६०,००० म्हणजे कमाईच्या दर शंभर रुपयांतले चाळीस रुपये एका लेकरावर गेले. उरलेल्या साठात सगळ्या घराचं खाणं, दवाखाना, बी-बियाणं, सोयरीक-पाहुणा. ज्या घरात वर्षाला सहा लाख पगार येतो, तिथं तोच खर्च शंभरातले दहा रुपये होतो. दोन्ही घरं ८ लाखांच्या आतली. दोघींनाही फी माफ. कागदावर दोघी एकाच रांगेत उभ्या आहेत. पण एकीच्या आईला रात्री झोप लागते आणि दुसरीच्या आईला लागत नाही. उत्पन्नाची मर्यादा घातली म्हणजे मर्यादेच्या आतली सगळी घरं सारखी होत नाहीत.

बारावीपर्यंत हे का जाणवत नाही? कारण तोवर शाळा-कॉलेज गावात किंवा तालुक्याला असतं. जेवण घरचं. गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो. बारावी झाली की तो पास संपतो. पुढं विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास मिळतो, तिकिटाच्या सुमारे एक तृतीयांश पैशात. सवलत चांगलीच आहे, पण शून्यातून खर्च सुरू होतो तो तिथून. आणि लेक जिल्ह्याला राहिली की घरातलं एक ताट तिथं विकत घ्यावं लागतं.

आता यापुढं जे सांगतोय ते आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसा किती आहे, एवढाच प्रश्न नसतो. पैसा कधी हातात येतो, हा खरा प्रश्न असतो.

पगारदार घरात एक तारखेला पैसे येतात. आपल्याकडं कसं असतं? मृगाचा पाऊस पडला की बियाणं आणि खत. असेल नसेल तो पैसा जमिनीत जातो. सोयाबीन घरात येतं दसऱ्याच्या सुमाराला, विकलं जातं दिवाळीच्या तोंडावर. कापूस त्याच्याही नंतर. जी घरं ऊसतोडीला जातात, त्यांना मुकादमाची उचल मिळते ती हंगामाच्या तोंडावर. म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट हे आपल्या घरातले सगळ्यात कोरडे महिने. आणि कॉलेजचे प्रवेश कधी? जून, जुलै, ऑगस्ट. शिष्यवृत्तीचं तर अर्ज मंजूर होऊन पैसे खात्यावर यायला वर्ष निम्मं सरतं, कधी पुरतं सरतं.

दोन वर्षांमागं आमच्याच वस्तीवरल्या एका लेकीला कॅप राउंडमधून औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला जागा लागली. शहर नव्वद किलोमीटरवर. फी माफ होती. कॉलेजात कागदपत्रं घेऊन हजर व्हायला मोजके दिवस होते. वसतिगृहाचं डिपॉझिट, दोन महिन्यांचं भाडं, मेसचे आगाऊ पैसे, पुस्तकं आणि गणवेश, मिळून वीसेक हजार लागत होते. बापानं नुकतंच बियाणं उचललेलं. म्हैस विकायला काढली, तर नड ओळखून व्यापाऱ्यानं भाव पाडला. भावकीत शब्द टाकला, तर सगळ्यांच्याच पेरण्या. दिवस गेले, जागा दुसऱ्या कुणाला गेली. कार्तिकात त्याच बापानं सोयाबीन विकलं, तेव्हा हातात चाळीस हजार होते. पैसा आला, पण जागा थांबली नव्हती.

ती पोरगी आज तालुक्याच्या कॉलेजात बी. ए. करते. हुशार आहे, आमच्या गटाचे सगळे ऑनलाइन फॉर्म तीच भरते. एकदा बोलता बोलता म्हणाली, “मावशी, मी मार्कात मागं पडले नाही, तारखेत पडले.” आम्ही बाराजणी त्या दिवशी गप्प बसलो, आणि त्यानंतरच्या बैठकीत हाच विषय घेतला.

बी. ए. करणं कमीपणाचं आहे असं आम्ही म्हणत नाही. तालुक्याच्या कॉलेजातून शिकून पोरी तलाठी झाल्यात, पोलीस झाल्यात, शिक्षिका झाल्यात. पण लेकीनं काय शिकायचं हे तिच्या मनानं आणि मार्कांनी ठरावं. बापाचं सोयाबीन कधी विकलं गेलं, यानं ते ठरू नये.

पैशापायी शिक्षण अडणं नवं नाही. मोठमोठ्यांचं अडलं आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढं लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा ठेवून त्यांना परत यावं लागलं. मुंबईत प्राध्यापकी केली, पैसे साठवले, एका मित्राकडून कर्ज घेतलं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. या सगळ्या वर्षांत इकडं रमाईंनी ओढाताणीत घर चालवलं. एवढ्या विद्वान माणसाची वर्षं पैशाच्या मुदतीपायी खर्ची पडली, तिथं आपल्या लेकरांचं काय!

आणि साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटील. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. त्या मुलांच्या पोटापाण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. कर्मवीरांचा मुष्टिफंडही आपल्या जुन्या माणसांना आठवत असेल. दळायच्या आधी घरातल्या बाईनं मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढायचं. एका मुठीनं कुणाचं घर बुडत नव्हतं आणि गावाच्या मुठींनी लेकरं जेवत होती.

आपला बचत गट म्हणजे दुसरं काय आहे? त्यांची मूठ धान्याची होती, आपली दोनशे रुपयांची आहे.

आमच्या गटानं काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही, तुम्हालाही जमेल. आम्ही बाराजणी महिन्याला २०० रुपये टाकतो. महिन्याचे २,४०० होतात, वर्षाचे २८,८००. शिवाय मागल्या वर्षांची शिल्लक आणि व्याज फिरत असतं. आम्ही एक ठराव केला. एप्रिलपासून नवं कर्ज द्यायचं ते फक्त दवाखान्यासाठी. बाकी पैसा राखून ठेवायचा. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत पहिला हक्क बारावीनंतर शिकणाऱ्या लेकराच्या आईचा. एका घराला २०,००० पर्यंत, महिना शेकडा एक रुपया व्याजानं. पहिले चार महिने फक्त व्याज भरायचं. मुद्दल सोयाबीन विकल्यावर किंवा शिष्यवृत्ती आल्यावर फेडायचं.

ठराव एका बैठकीत झाला नाही. एक मावशी म्हणाली, “माझ्या घरात शिकणारं कुणी नाही. माझी शेळी घ्यायची नड मी चार महिने का थांबवू?” प्रश्न रास्त होता. मग ठरलं की तिच्यासारखीला दिवाळीनंतर पहिला हक्क. शेळी चार महिने थांबते, कॉलेजची तारीख थांबत नाही. हे पटलं तेव्हा तिनंही अंगठा दिला.

व्याजाचा हिशोब एकदा ऐका. सावकाराकडं महिना शेकडा पाच रुपये. २०,००० वर महिन्याला १,००० रुपये. सहा महिन्यांचे ६,०००. गटात शेकडा एक रुपयानं महिन्याला २००, सहा महिन्यांचे १,२००. फरक पडला ४,८०० रुपयांचा. तेवढ्यात लेकीची दीड महिन्याची मेस निघते. आणि गटाला दिलेलं व्याज गटातच राहतं.

गेल्या वर्षी या ठरावातून दोघींच्या घरी पैसे गेले. एक लेक कृषीच्या पदवीला आहे, एक मुलगा तंत्रनिकेतनात. तिसरीनंही मागितले होते, पण गटात तेवढे शिल्लक नव्हते. तिची लेक एक वर्ष घरी बसली. गटाच्या पैशाला मर्यादा आहे, हे आम्ही लपवत नाही. म्हणून यंदा गावातल्या दुसऱ्या दोन गटांशी आमचं बोलणं चालू आहे. तिघींनी मिळून केलं तर मूठ मोठी होईल.

आता एक घरातली गोष्ट. थोडी झोंबेल. पैसा एकालाच पुरणारा असला की आपण लेकाला पाठवतो. “पोरगी काय, उद्या परक्याच्या घरी जाणार,” असं म्हणतो. पण आता हिशोबच उलटा झालाय. ८ लाखांच्या आतल्या घरात खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते, मुलीला ती पूर्ण माफ आहे. म्हणजे लेकीला शिकवणं लेकापेक्षा स्वस्त पडतं. नुसता व्यवहार बघितला तरी लेकीला मागं ठेवायचं कारण उरत नाही.

आणि लग्नाचं बघा. लेकीच्या लग्नाला दोन लाख कर्ज काढताना आपण कचरत नाही. मांडव, आहेर, जेवणावळ, सगळं होतं. त्याच लेकीच्या मेसचे ६,००० मागायला मात्र तोंड उघडत नाही. लग्नाचं कर्ज फेडायला बाप राबतो. शिकलेली लेक चार पैसे मिळवायला लागली की घराला हातभार लावते. बापाच्या घराला लावेल नाहीतर तिच्या स्वतःच्या, पण लावेलच. आम्ही लग्न करू नका म्हणत नाही. कर्ज आधी कशासाठी काढायचं, तेवढंच बोलतोय.

आता राहण्या-जेवणाच्या मदतीच्या योजना. नावं लिहून घ्या. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर सगळ्यात उत्तम, म्हणून अर्ज आधी तिथं करा. नाही मिळाली तर, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. यात मोठ्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, लहान ठिकाणी थोडे कमी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणी असलेल्या मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृहं आहेत. प्रत्येकीची उत्पन्नाची अट वेगळी. फी माफीला ८ लाख चालतात, पण अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला आणि स्वाधारला मर्यादा अडीच लाखांची आहे. ‘आपण बसतो’ असं धरून चालू नका, अट वाचून घ्या.

बऱ्याच कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजना असते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज काही तास काम करायचं, त्याचे पैसे मिळतात. कर्मवीरांच्या संस्थेतून आलेली ही परंपरा आहे, त्यात कमीपणा नाही. पहिल्याच आठवड्यात नाव द्या, जागा थोड्या असतात.

बँकेचं शैक्षणिक कर्जही आहे. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज आधीपासून चढत असतं. म्हणून कर्ज काढण्याआधी तो कोर्स करून आलेल्या एखाद्या पोरीला विचारा, “तुला आता महिन्याला किती मिळतात?” हप्ता त्यातून निघत असेल तर काढा.

आता कागदांचं. पैशापायी जागा जाते तशी कागदापायीही जाते. आणि कागदाला गरीबच जास्त अडतो, कारण तहसीलला एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून घाई लागायच्या आधी कामं उरका. बारावीला असतानाच जातीचा दाखला आणि जात पडताळणीचा अर्ज. पडताळणीला महिने लागतात, तो अर्ज निकालानंतरवर ठेवूच नका. अर्जाची पोचपावती जपून ठेवा. एप्रिल उजाडला की नवा उत्पन्नाचा दाखला, कारण तो आर्थिक वर्षाचा असतो. लागू असेल त्यांनी नॉन-क्रिमिलेअर दाखला. रहिवासाचा दाखला. लेकीचं स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि ते आधारला जोडलेलं आहे ना, याची बँकेत जाऊन खात्री. शिष्यवृत्तीचे पैसे त्याच खात्यावर येतात. जोडणी नसली की मंजूर झालेले पैसेही अडकतात. आधारवर, दहावीच्या मार्कलिस्टवर आणि दाखल्यावर नाव एकसारखं आहे का, तेही बघा. एका वेलांटीपायी दोन-दोन महिने गेलेले आम्ही बघितलेत.

प्रवेश झाला की लगेच महाडीबीटीच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, आणि दरवर्षी नवा करायचा. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं, असं नाही. आमच्या गटानं एक सोपी रीत ठेवलीय. तहसीलला जायचं तर एकटीनं नाही. एका फेरीत चार घरांचे कागद एकीनं न्यायचे. पुढल्या फेरीला दुसरी. तिघींची मजुरी वाचते.

आणि आपल्यातल्या ज्या अर्ध्यावर शिक्षण सोडून आल्या, त्यांच्यासाठीही दार बंद नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकणाऱ्यांसाठीच आहे. आमच्यातली एक चाळिशीतली ताई तिथून बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेक आणि आई एकाच कंदिलाखाली... नाही, आता लाइट आहे, एकाच बल्बखाली अभ्यास करतात.

मैत्रिणींनो, सरकारनं फी माफ केली, तेवढं सरकारचं. वसतिगृहं वाढावीत, भत्ता कॉलेज उघडतानाच हातात यावा, हे मागणं आपलं आहे. ग्रामसभेत मांडा, निवडून दिलेल्या माणसांना विचारा. पण यंदाच्या जूनला ते सगळं होऊन जाईल, असं धरून बसू नका. लेकीचं वय थांबत नाही.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत तीन कामं करा. एक, गटातल्या कुणाच्या घरात यंदा बारावीचं लेकरू आहे, त्यांची यादी करा. दोन, त्यांचे कोणते कागद राहिलेत ते यादीसमोर लिहा. तीन, जूनसाठी गटाचा किती पैसा राखून ठेवता येईल, त्यावर बोला. थोडा असेल तरी चालेल. भांडण झालं तरी चालेल, आमच्यातही झालं. पण ठराव वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्या.

तुमच्या गटानं काही वेगळी युक्ती काढली असेल, तर या केंद्राला कळवा. आम्हालाही शिकायचीय. तूर निवडून झाली असेल, भाकरीही झाल्या असतील. लेकराला आधी वाढा.